भिकबाळी आणि आजोबांचा राग

प्रश्न : नमस्कार, माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, गेल्या महिन्यात मित्राच्या लग्नासाठी म्हणून कान टोचून भिकबाळी घालून आला. तेव्हापासून सासरे त्याच्याशी धड बोलत नाहीत, हे बायकी थेर आपल्या घराण्यात कधी नव्हते म्हणतात. पुरुष खरंच दागिने घालायचे का हो? आणि एवढ्या सुंदर दागिन्याच्या नावात भीक कुठून आली?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी नावाचं सांगते. पूर्वी कित्येक घरांत बाळं जगायचीच नाहीत, एकामागून एक दोन-तीन मुलं गेली की पुढचं पोर झाल्यावर आईबापांना आनंदापेक्षा धास्तीच जास्त. मग त्याच्याकडे काळाचं लक्ष जाऊ नये म्हणून नाव ठेवायचं धोंडू, दगडू, केरू, नाहीतर भिकू, आणि घरात पैसा असला तरी चार घरी मागून आणलेल्या पैशातून त्याच्या कानात बाळी घालायची, म्हणजे हे आमचं लाडकं नाहीच, भिकेवर जगलेलं पोर आहे. भिकबाळीच्या नावामागे हीच गोष्ट सांगतात, आणि मला ती प्रत्येक वेळी हलवून जाते. आज मिरवतो तो दागिना, पण नावात एका आईची भीती आहे.

पुढे त्यात थाट आला. सोन्याची तार, त्यात दोन मोती आणि मधे माणिक किंवा पाचू, घालायची कानाच्या वरच्या भागात. खालच्या पाळीत मोत्यांचा चौकडा असायचा तो वेगळा. पेशवाईत गळ्यात कंठी, मनगटात पोहची, पगडीला शिरपेच आणि तुरा हे सगळं पुरुषांचंच होतं, आणि यातलं बरंचसं दरबारात मानाने दिलं जायचं. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने १७९२ मध्ये पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढलंय ते जरूर बघा, पेशवे तेव्हा १८ वर्षांचे, म्हणजे तुमच्या मुलापेक्षाही लहान, आणि दागिन्यांनी सजलेले.

बायकी म्हणाल तर इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्सही एका कानात टपोरा मोती घालायचा आणि फ्रान्सचा चौदावा लुई १७०१ च्या चित्रात उंच लाल टाचांचे बूट घालून उभा आहे. तिकडे अठराव्या शतकाच्या शेवटाकडे पुरुषांनी भरजरी कपडे आणि दागिने टाकून साधे गडद कोट धरले. १८१८ ला पेशवाई गेली, मान म्हणून दागिना देणारा दरबारच राहिला नाही, आणि नवे साहेब आले ते कोटातले. नोकऱ्या त्यांच्या कचेऱ्यांत, मग आपल्या माणसांच्याही अंगावर हळूहळू कोट चढला, पगडी बरीच वर्षं टिकली पण कानातलं आणि गळ्यातलं उतरत गेलं. माझं मत विचाराल तर पुरुषाने साधंच राहावं हे आपलं जुनं वळण नाही, तो त्या कचेरीचा संस्कार आहे. खेड्यात मात्र कानात बाळी घालणारे म्हातारे आजही दिसतात आणि त्यांना कोणी बायकी म्हणत नाही.

एक काळजीचं सांगते. कानाच्या वरच्या भागात कूर्चा म्हणजे मऊ हाड असतं, तिथली जखम भरायला कित्येक महिने लागतात, तोवर सारखी काढ-घाल नको, आणि सूज किंवा पू दिसला तर घरगुती उपाय न करता सरळ डॉक्टर गाठा. टोचताना गन वापरली असेल तर जास्त लक्ष ठेवा, ती त्या जागेसाठी नसते.

आणि सासऱ्यांशी वाद घालू नका. कर्णवेध हा सोळा संस्कारांतला, मुलगा असो की मुलगी, सोनार बोलावून कान टोचायचे. त्यांच्या पिढीत बहुतेक मुलांचे टोचलेले असायचे, तेव्हा एखाद्या निवांत संध्याकाळी नातवालाच त्यांच्याजवळ बसवा आणि विचारायला सांगा, आजोबा तुमचे कान कोणी टोचले होते?