एमजीबी चालता चालता बंद पडली, तर आधी आरपीएमचा काटा आठवा

१९७२ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), मोकळा रस्ता, चाळीसेक मिनिटं छान चाललेली गाडी अचानक बंद. अर्धा तास कडेला उभी राहिल्यावर पहिल्याच सेल्फला सुरू, आणि वीस मिनिटांनी पुन्हा तेच. भर उन्हात घडलं म्हणून सगळ्यांनी तुम्हाला ‘वेपर लॉक’, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाटेतच वाफ होऊन पुरवठा अडणं, असं सांगितलं. मला ते पटत नाही.

या गाडीचा एसयू कंपनीचा, विजेवर चालणारा इंधनपंप मागे, टाकीजवळ असतो. तो पेट्रोल पुढे ढकलतो, आणि दाबाखालच्या पेट्रोलची सहजासहजी वाफ होत नाही. शिवाय गाडी वेगात असताना बॉनेटखाली वारा खेळतो. उष्णतेचा खरा त्रास होतो तो कोंडीत रांगताना, किंवा गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारताना, कारण तेव्हा इंजिनाची सगळी धग कार्ब्युरेटरमध्ये चढलेली असते. तुमची गाडी तर वेगात असताना गेली.

म्हणून आधी आठवा, ती गेली कशी? चावी फिरवून बंद करावी तशी एका क्षणात, की आचके देत, ओढ कमी होत होत? पहिलं असेल तर बहुधा इग्निशन, दुसरं असेल तर बहुधा पेट्रोल. पुढच्या वेळी क्लच दाबायची घाई करू नका. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिनाला फिरवत असतात. तेवढ्या दोन सेकंदांत आरपीएमचा काटा बघा. इंजिन फिरत असूनही काटा शून्यावर कोसळला, तर कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि पॉइंट्स (तिचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) यांच्या वायरिंगमध्ये करंट तुटतोय. काटा वेगाबरोबर सावकाश उतरला, तर पंपाकडे वळा. रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरत प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा तुकडा) फुटला असेल तर मात्र काटा कोसळत नाही आणि इंजिन तरीही झटक्यात जातं, एवढं लक्षात असू द्या.

माझा पहिला संशय कंडेन्सरवर आहे, म्हणजे पॉइंट्सवर ठिणग्या उडू न देणाऱ्या छोट्या भागावर. गरम झाला की आतला जोड सुटतो, थंड झाला की पुन्हा धरतो. तुमच्या अर्ध्या तासाचा हिशोब इथे जुळतो. जास्तीचा एक प्लग वायरला लावून त्याची बॉडी इंजिनाच्या धातूला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. स्पार्क निळा, कडकडीत हवा. पिवळा, मरतुकडा दिसला आणि पॉइंट्सवर ठिणग्या उडत असल्या, तर कंडेन्सर गेलाय. मी स्वतः एक अख्खा उन्हाळा वेपर लॉकमागे घालवला. कार्ब्युरेटर दोनदा उतरवले, नळ्यांना उष्णतारोधक गुंडाळलं, आणि दोष निघाला सर्व्हिसिंगला बसवलेल्या कोऱ्या कंडेन्सरमध्ये. तेव्हापासून चालू स्थितीतला जुना कंडेन्सर मी कधीच फेकत नाही. जो हजारो किलोमीटर चाललाय, तोच खात्रीचा स्पेअर. पॉइंट्सची गॅप ०.०१५ इंच असते, म्हणून फीलर गेजही (फट मोजायच्या पात्या) त्याच पिशवीत ठेवा.

तिथेच असताना डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी वायरही ओढून बघा. स्पार्कची वेळ आपोआप बदलणाऱ्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सबरोबर ती सतत हलते आणि वरचं आवरण शाबूत असताना आतून तुटते.

मग कॉइल. मागच्या मालकाने ती बदलली असेल तर हे मोजाच. दोन्ही बारीक वायरी काढून त्या टर्मिनल्समध्ये मीटर लावा. तुमच्या मॉडेलला साधारण ३ ओमची कॉइल लागते. दीड ओम दाखवत असेल, तर ती १९७४नंतरच्या, बॅलास्टवाल्या (कॉइलचं व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टर असलेल्या) गाड्यांची आहे. तुमच्या गाडीत तिला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात, ती हात लावता येणार नाही इतकी तापते आणि पॉइंट्सही जाळते.

पेट्रोलची बाजू तपासणं त्यामानाने सोपं. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. पंप टकटक करून कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर (पेट्रोल साठवणारे कप्पे) भरले की थांबायला हवा. गाडी नुकतीच बंद पडलेली असताना तो मुका राहिला, तर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टोका. पंपाच्या आतले चिकटलेले पॉइंट्स सुटतात आणि घरापर्यंत पोचता येतं. थांबतच नसेल, तर पेट्रोल संपलंय किंवा पंप कुठूनतरी हवा ओढतोय. टाकीचं झाकणही उघडून बघा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर टाकीला श्वास घ्यायची वाट बुजली आहे, आणि त्यानेही गाडी अशीच ठरावीक वेळाने बंद पडते. पेट्रोलची नळी सुटी असताना स्पार्क तपासू नका, कितीही घाई असली तरी.

आणखी एक, हे मनापासून सांगतो. ही गाडी इतकी बुटकी आहे की मागून येणाऱ्याला उशिरा दिसते. आधी रस्त्याबाहेर घ्या, त्रिकोण बराच मागे ठेवा, सोबतच्यांना गाडीत बसवून ठेवू नका. पंप उजव्या बाजूला असतो. वाहतूक डावीकडून चालत असेल तर ती नेमकी वाहनांची बाजू. तिथे गुडघे टेकून खाली वाकण्यापेक्षा टो केलेलं बरं.

कॉइल आजच मोजा, गाडी उभी असतानाही ते होतं. आकडा कळला की पुढचं बोलू.