जूनपर्यंतची अट

डब्लिनहून पत्र लिहिणाऱ्या वडिलांस, सप्रेम नमस्कार.

आपली सोळा वर्षांची मुलगी फिफ्थ इयरला, म्हणजे शाळेच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला आहे, अभ्यासात चांगली आहे, क्लबकडून फुटबॉल खेळते आणि फुटबॉलपटू केटी मकेबसारखे आयर्लंडकडून खेळायचे असे म्हणते. त्यावर आपण तिला अट घातली आहे: जूनपर्यंत आयर्लंडच्या 17 वर्षांखालील संघात निवड झाली तर खेळ चालू राहील, नाहीतर तो बंद आणि पुढे फक्त मेडिकल. ही अट मी तिच्या गळी उतरवावी, अशी आपली अपेक्षा आहे. ते मी करणार नाही.

मला काळजी वाटते ती तिच्या गुणांची नव्हे, या अटीची. पत्राच्या शेवटी आपण सहज लिहून जाता की घरातील सर्वांचे पासपोर्ट भारतीय आहेत आणि आयरिश नागरिकत्व घ्यायचे की नाही, हे आपण अजून ठरवलेले नाही. देशाच्या संघातून खेळायचे तर त्या देशाचे नागरिकत्व लागते आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. म्हणजे मुलीने मैदानावर काहीही करून दाखवले तरी आज ही अट पूर्ण करणे तिच्या हातात नाही. ते ज्या निर्णयावर अवलंबून आहे तो निर्णय आपण लांबणीवर टाकला आहे. आपण हे मुद्दाम केले, असे मी म्हणत नाही. मात्र उद्या हे तिच्या लक्षात आले, तर तिला ते मुद्दाम केलेले वाटणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही.

शिवाय सोळाव्या वर्षी निकाल लावण्याची ही घाई कशासाठी? डब्लिनच्या टाला भागात अकरा भावंडांच्या घरात वाढलेली मकेब डिसेंबर 2015मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबमध्ये गेली, पण तिथे पुरेसे सामने मिळेनात म्हणून 2017मध्ये तिला स्कॉटलंडमधील ग्लासगो सिटी क्लबकडे उसनवारीवर पाठवण्यात आले. आणि त्याच वर्षी, 21 वर्षांची असताना, ती आयर्लंडची कर्णधार झाली. 2023च्या विश्वचषकात कॅनडाविरुद्ध थेट कॉर्नरवरून केलेला तिचा गोल आपण पाहिलाच असेल.

आपल्या पत्रातील एक गैरसमज मात्र दूर केलाच पाहिजे. 2021पासून आयर्लंडमध्ये महिला खेळाडूंना पुरुषांइतकेच पैसे मिळतात, तेव्हा राष्ट्रीय संघात पोहोचले की पोटापाण्याची चिंता मिटली, असे आपण धरून चालला आहात. समान झाले ते देशाकडून खेळल्याबद्दल मिळणारे सामन्याचे मानधन. राष्ट्रीय संघ ही पगारी नोकरी नव्हे. खेळाडूचा संसार चालतो तो क्लबच्या करारावर, आणि तिथे स्त्री-पुरुषांच्या कमाईत आजही प्रचंड तफावत आहे. एप्रिल 2017मध्ये तेव्हाची कर्णधार एमा बर्न आपल्या सहकाऱ्यांसह डब्लिनच्या लिबर्टी हॉलमध्ये पत्रकारांसमोर बसली, तेव्हा संघाचे ट्रॅकसूट परत द्यायचे असल्यामुळे विमानतळाच्या स्वच्छतागृहात कपडे बदलावे लागतात आणि शिबिरासाठी रजा घेतली की नोकरीतला पगार बुडतो, अशा तक्रारी त्यांना मांडाव्या लागल्या. शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या कर्णधाराची ही स्थिती होती.

त्यामुळे शिक्षण सुटू नये, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी खेळ सोडावा लागतो, हे मात्र मान्य नाही. बालब्रिगनची डायान कॉल्डवेल शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील हॉफस्ट्रा विद्यापीठात शिकली, तिथेच खेळली, नंतर आइसलंड, नॉर्वे, जर्मनी अशी क्लबमागून क्लब खेळत 2023च्या विश्वचषक संघापर्यंत पोहोचली. आपल्या शहरातील यूसीडी आणि डीसीयू ही विद्यापीठेही खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात. मेडिकलचा मार्ग, म्हणजे लीव्हिंग सर्ट ही शालान्त परीक्षा, सीएओ या केंद्रीय प्रवेशयंत्रणेचे गुण आणि एचपॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, आपल्याला माझ्यापेक्षा अधिक पाठ दिसतो. मात्र डॉक्टर होण्याबद्दल मुलीला स्वतःला काय वाटते, याविषयी पत्रात एकही वाक्य नाही.

तेव्हा अट आजच मागे घ्या, आणि ती का मागे घेत आहात हेही तिला सांगा. नागरिकत्वाचा निर्णय काहीही होवो, तो तिला समोर बसवून घ्या, कारण त्याचे परिणाम सर्वांत जास्त तिला भोगायचे आहेत. यापुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. आणि ते पाठवण्यापूर्वी आपण वाचू नये, ही विनंती.