कँटन फेअर (ग्वांगझूचं मोठं व्यापारी प्रदर्शन) संपल्यावर ग्वांगझूमध्ये दोन दिवस थांबण्यात अर्थ आहे का? मी शाकाहारी आहे, पहिल्यांदाच चीनला जातोय.

थांबा. पण फेअरशेजारच्या हॉटेलात नको, तिथून उठून जुन्या शहरात जा.

भोसरीत आमचं पॅकिंग मशिनचं छोटं वर्कशॉप आहे. एप्रिल २०२४ मध्ये मी आणि माझा भागीदार फेअरच्या पहिल्या फेजला गेलो होतो. तो पक्का शाकाहारी, मी पुढ्यात येईल ते खाणारा. चार दिवस हॉल पालथे घालून पायांचे तुकडे पडले होते, तरी दोन दिवस जास्तीचे काढले.

त्यातला पहिला मी वाया घालवला. सगळे सांगतात म्हणून कँटन टॉवरवर गेलो. ६०० मीटर उंच, २०१० च्या एशियन गेम्सच्या सुमारास खुला झालेला, रात्री खालून बघायला खरंच देखणा. वर पोचलो तर चहूकडे ढग. पावसाळ्यात आंबोलीच्या पॉइंटवर जे दिसतं तेच दिसत होतं, फक्त आंबोलीत त्याचे एवढे पैसे पडत नाहीत. एप्रिलमध्ये तिकडची हवा इतकी ओली असते की रात्री वाळत घातलेला शर्ट सकाळी जास्तच ओला लागतो. आकाश स्वच्छ नसेल तर खालूनच फोटो काढा आणि पुढे चला.

त्या रात्री जेवणाचेही हाल झाले. भागीदाराने चित्र बघून पालेभाजी मागवली, तिच्यावर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, ओतून आला. दुसरी मागवली, तिच्यात डुकराचा खिमा. शेवटी तो पुण्याहून आणलेल्या खाकऱ्यांवर झोपला. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून तिकडे भागत नाही. मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणी नको, ऑयस्टर सॉस नको असं सगळं चिनी लिपीत फोनवर लिहून ठेवा. देवळांच्या आसपास शाकाहारी खानावळी असतात, त्या आधीच शोधून ठेवा. नुसत्या मुळ्याची वाटणारी वडीही सोडू नका तपासल्याशिवाय, तिच्यात बहुतेक वेळा सुकट असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळं फिटलं. लीवान भागात, म्हणजे जुन्या पश्चिम शहरात, सकाळच्या चहाला गेलो. नावाला चहा, प्रत्यक्षात तास-दोन तासांचा नाश्ता. जागा नव्हती म्हणून आम्हाला एका आजीबाईंच्या टेबलावर बसवलं. मी कपात चहा ओतून तोंडाला लावणार तेवढ्यात त्यांनी हात धरला. पहिला चहा पिण्यासाठी नव्हताच! त्यांनी त्या गरम चहात माझा कप, वाटी, काड्या एकेक करून विसळल्या आणि ते पाणी मधल्या मोठ्या भांड्यात टाकलं. मग नवा चहा ओतला आणि दोन बोटं टेबलावर टकटक करून दाखवली. कोणी चहा ओतला की आभार म्हणून असं करायचं. किटलीत पाणी हवं असेल तर झाकण तिरकं ठेवायचं, कोणाला हाक मारावी लागत नाही. भाषा एका शब्दाची नाही, पण अर्ध्या तासात आजींनी आम्हाला माणसात आणलं. भागीदाराला तिथे तांदळाच्या पिठाची उकडलेली, गुंडाळलेली साधी चाँग-फन मिळाली. सुरळीच्या वडीची तांदळाची बहीणच, वर गोडसर सोया सॉस. त्याने तीन प्लेट खाल्ल्या.

तिथून चेन घराण्याच्या वास्तूत गेलो (मेट्रो लाइन १, स्टेशनही त्याच नावाचं). चेन आडनावाच्या लोकांनी वर्गणी काढून १८९० ते १८९४ मध्ये बांधली, गावोगावची आपली मुलं सरकारी परीक्षेला शहरात आली की उतरावीत म्हणून. पुढे १९०५ मध्ये ती परीक्षाच बंद झाली. छपराच्या कण्यावर चिनी मातीच्या रंगीत माणसांची अख्खी नाटकं मांडली आहेत, मान दुखेपर्यंत बघत राहा.

दुपारी शामियान बेट. वडाच्या सावल्या, इंग्रज-फ्रेंचांच्या जुन्या इमारती, फोटो काढणाऱ्या नवऱ्यामुली. छान आहे, तासाभरात होतं. मला जास्त रस होता तो पलीकडच्या तेरा पेढ्यांच्या रस्त्यात. १७५७ ते १८४२ पर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना अख्ख्या चीनमध्ये ग्वांगझू हे एकच बंदर खुलं होतं, त्यांच्या वखारी इथे होत्या. मुंबईहून कापूस आणि अफू यायची, इथून चहा आणि रेशीम जायचं. जे. जे. हॉस्पिटलला ज्यांचं नाव आहे ते जमशेटजी जीजीभाई याच धंद्यात कमावले. वखारी १८५६ मध्ये जळाल्या. आता तिथे कपड्यांचा होलसेल बाजार आहे, गठ्ठे लादलेल्या हातगाड्या अंगावर येतात. मंगलदास मार्केटमध्ये धक्के खाल्लेल्या माणसाला अगदी घरच्यासारखं वाटतं.

आणि आल्याचं दूध खाल्ल्याशिवाय येऊ नका. वाटीत आल्याचा ताजा रस, त्यावर वरून गरम गोड दूध ओततात. ढवळायचं नाही. काही मिनिटांत ते खरवसासारखं थरथरतं घट्ट होतं, अंडं नाही की जिलेटिन नाही. शेजारीच मिळणाऱ्या दोन सायींच्या दुधात मात्र अंड्याचा पांढरा भाग असतो, तेवढं लक्षात ठेवा.

पैशांचं घरूनच करून जा. अलीपे (फोनवरून पैसे द्यायचं चिनी अॅप) टाका, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, बँकेत परदेशी व्यवहार चालू करून घ्या. २०० युआनच्या वरच्या पेमेंटला ३ टक्के जास्त कापले जातात. माझा ओटीपी रोमिंगवर आलाच नाही आणि एका फळवालीसमोर मी दोन केळी हातात धरून दहा मिनिटं उभा होतो. नोटा तिला नकोच होत्या असं नाही, सुटे नव्हते. गूगल आणि व्हॉट्सअॅप तिकडच्या वायफायवर चालत नाही, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतं.

परतीला हाँगकाँगवरून येणार असाल तर भारतीयांना तिथे ऑनलाइन पूर्वनोंदणी लागते. चीनचा व्हिसा सिंगल एंट्री असेल तर एकदा हाँगकाँगला गेल्यावर परत आत येता येणार नाही.

आमची ट्रेन चुकली ती पूर्णपणे माझ्या गाढवपणामुळे. टॅक्सीवाल्याला मी ‘ग्वांगझू स्टेशन’ दाखवलं, त्याने इमानदारीत ग्वांगझू स्टेशनला सोडलं. हाँगकाँगची आमची गाडी होती दक्षिण स्टेशनवरून, ते पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. मेट्रो लाइन २ दोन्ही स्टेशनं जोडते म्हणून बॅगा ओढत, दोनदा स्कॅन करत तिकडे पोचलो, तोवर गाडी गेली होती आणि नवी तिकिटं काढावी लागली. या शहरात मोठी स्टेशनं चार-पाच आहेत. तिकिटावरच्या नावाच्या शेवटी ‘नान’ आहे का ते बघा. नान म्हणजे दक्षिण.