आधी हवा शोधा, पंप नंतर उतरवा

प्रश्न : नमस्कार काका. माझा २००८ सालचा सहा चाकी ट्रक आहे. चार सिलिंडर, जुना इनलाइन डिझेल पंप. सासवडहून रात्री भाजी भरून पुण्याच्या मार्केट यार्डात आणतो. महिनाभरापासून गाडी स्लोला (इंजिन चालू, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही) उभी असली की रेस आपोआप वर-खाली होते. दर दोन-तीन सेकंदांनी हूंऽऽ करून चढते आणि बसते. यार्डाच्या रांगेत तर दोनदा बंदच पडली. एका मिस्त्रींनी स्लोचा स्क्रू आवळून रेस वाढवून दिली, चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसरे म्हणतात पंप उतरवून कॅलिब्रेशन (मशीनवर मोजून जुळवणी) करा, १८,००० रुपये. टाकी फुल केली की गाडी गुपचूप चालते, अर्ध्याखाली आली की त्रास सुरू. सकाळी चालू करण्याआधी डिझेल चढवायचा हँडपंप मारावा लागतो. पंप उतरवू का?
— एक वाचक, सासवड

उत्तर : दादा, अजून नको. हडपसरला सोलापूर रोडलगत मी ३१ वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतोय. तुमच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं वाचली आणि मला बरं वाटलं, कारण बहुतेक लोक नेमकं हेच सांगायचं विसरतात. फुल टाकीवर ठीक आणि सकाळी हँडपंप, या दोन्ही खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. गाडी कुठूनतरी हवा ओढतेय.

टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) लाइन ही ओढीची लाइन. तिला बारीक भोक पडलं तर चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि मिस्त्री फसतो. रात्री गाडी उभी राहिली की त्याच भोकातून हवा शिरते, डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी हँडपंप मारावा लागतो. डिझेल दाबलं जात नाही, बुडबुडा दाबला जातो. पंपात बुडबुडा आला की नोजलला (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) डिझेल कमी पोचतं आणि रेस पडते. गव्हर्नरला, म्हणजे पंपातल्या रेस सांभाळणाऱ्या भागाला, वाटतं गाडी बंद पडतेय, तो डिझेल वाढवतो. तेवढ्यात बुडबुडा निघून गेलेला असतो, वाढवलेलं डिझेल पुरं पोचतं, रेस उसळते, मग गव्हर्नर मागे ओढतो. गव्हर्नर त्याचं काम चोख करतोय. स्क्रू आवळून तुम्ही फक्त दुखणं झाकलंत.

एक खात्री करून घ्या. सगळं इंजिन एका लयीत चढत-उतरत असेल तर ते हंटिंग. रेस जागेवर आहे, पण केबिन थरथरते आणि सायलेन्सरला ठोका चुकतो, तर ते मिस, म्हणजे एखादं नोजल किंवा टॅपेट. तुमचं वर्णन हंटिंगचं आहे. अ‍ॅक्सिलरेटरची केबल कुठे अडकत नाही ना, तेही दोन मिनिटांत बघून घ्या.

आता परीक्षा. गाडी सपाटीला, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, गाळलेलं डिझेल भरा आणि इंजिनापेक्षा उंच घट्ट बांधा, सायलेन्सरपासून लांब. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपावरून सोडवा, त्या जागी कॅनमधून आलेला पारदर्शक पाइप लावा. रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडा. हँडपंप मारून फिल्टरवरच्या ब्लीड स्क्रूतून फेस जाऊन निखळ डिझेल येईपर्यंत हवा काढा. पंधरा मिनिटं स्लोला चालवा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील, ते जाऊ द्या. रेस जागेवर बसली तर पंप निर्दोष आहे, तुमचे १८,००० वाचले.

मग कॅन काढा आणि तोच पारदर्शक पाइप टाकीच्या लाइनमध्ये, फीड पंपाच्या अगदी अलीकडे जोडा. मोबाइलचा टॉर्च मागून धरा. साबुदाण्याएवढे बुडबुडे ओळीने सरकताना दिसतील, आणि बुडबुड्यांचा झुबका गेला की क्षणभराने रेस पडेल. ग्राहकाला मी हे नेहमी शेजारी उभं करून दाखवतो.

हवा कुठून येते ते टाकीकडे सरकत शोधा. बँजो बोल्टची (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याची वायसर आधी बघा. जुनी वायसर पुन्हा लावलेली असते, तिच्यावर नखाला लागेल अशी गोल खाच पडलेली असते. नाना पेठेत नवीन वायसर किरकोळ पैशात मिळते, तिथे काटकसर करू नका. मग क्लिप सोडवून रबरी पाइपची टोकं वाकवून बघा, चीर नेमकी क्लिपखाली लपते. हँडपंपाचं सील आणि टाकीकडच्या गाळणीचं रबर हेही बघा.

एवढं करून सापडलं नाही तर टाकीतली सक्शनची नळी बाहेर काढा. तुमच्याबाबतीत माझा खरा संशय तिथेच आहे. काही वर्षांपूर्वी अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. मी पंप कॅलिब्रेशनला पाठवला, मालकाने पैसे भरले, आठ दिवस गाडी उभी राहिली आणि दुखणं तसंच. शेवटी नळी काढून एक टोक बोटाने बंद केलं, पाण्याच्या बादलीत धरून फुंकलं, तर मधोमध गंजाखालून सुईएवढ्या भोकातून बुडबुडे आले. डिझेल त्या भोकाच्या वर असेपर्यंत गाडी ठीक, खाली गेलं की हवा. मजुरी मी परत केली, पण त्या माणसाचे बुडालेले आठ दिवस मला अजून टोचतात. म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

दुरुस्ती झाली की स्लोचा स्क्रू मागे फिरवून, इंजिन गरम असताना, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आणा. विसरू नका, वाढलेली रेस रोज डिझेल खाते.

कॅनवरही हंटिंग राहिलं, तरच पंप उतरवा. तेव्हा गव्हर्नरची स्प्रिंग, त्याच्या वजनांच्या झिजलेल्या पिना आणि अडखळणारा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) बघायला सांगा, नुसतं ‘कॅलिब्रेशन करा’ म्हणून सोडून येऊ नका.

प्रश्न : माझा ट्रक बीएस-६ आहे, कॉमन रेलचा (सगळ्या नोजलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल). उभ्या गाडीत कधीकधी रेस आपोआप वाढते, जळका वास येतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी सगळं पूर्ववत. मिस्त्री म्हणतो नोजलचे पाइप ढिले करून बघू.
— एक वाचक, चाकण

उत्तर : पाइपला हात लावू देऊ नका. ट्रकच्या टायरमध्ये आठेक बार हवा असते, कॉमन रेलमध्ये स्लोलासुद्धा काहीशे बार दाब असतो. ढिल्या नटातून निघालेली बारीक धार कातडीत घुसते. तसं झालं तर जखम केवढीशी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. तुमचं लक्षण मला बिघाडाचं वाटत नाही. सायलेन्सरच्या फिल्टरमधली काजळी गाडी स्वतः जाळते, त्यासाठी रेस वाढवते. डॅशबोर्डवर काजळी जाळण्याचा दिवा लागलेला असेल तर मध्येच गाडी बंद करू नका आणि वाळल्या गवतावर उभी करू नका. रेस दर दोन सेकंदांनी वर-खाली व्हायला लागली, तर स्कॅनर लावून रेलचा गाडीच्या कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी-शेजारी बघायला सांगा.