सरकारीत नंबर लागेना, दाढेचं काय करू?

प्रश्न: आईची दाढ ठणकतेय, सरकारी दवाखान्यात दोन महिन्यांनंतरची तारीख मिळालीय, प्रायव्हेटमधलं रूट कॅनल परवडत नाही. आम्ही पुण्यात असतो.

उत्तर: ताई, आईंना डेंटल कॉलेजच्या ओपीडीत न्या, धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला आहे, तिथे शिकणारी मुलं सरांच्या देखरेखीखाली काम करतात म्हणून खर्च बराच कमी येतो, वेळ मात्र जातो, तीन-चार चकरा धराच. सकाळी लवकर केसपेपर काढा आणि रूट कॅनलनंतर दाढेवर बसवायच्या कॅपचे पैसे वेगळे का ते आधीच विचारा. आणि हो, ठणका थांबावा म्हणून हिरडीवर दुखण्याची गोळी चेपून ठेवू नका, हिरडी पांढरी पडून सोलते, मी बघितलंय. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.