वाचकांचे प्रश्न : गोलघुमटाच्या छायाचित्रात माणसे का नाहीत?

प्रश्न : आमच्या घरी विजापूरच्या गोलघुमटाचे एक जुने, पिवळसर छायाचित्र आहे. त्यात एकही माणूस नाही आणि आकाश कोरे पांढरे आहे. त्या काळी विजापूर इतके ओस पडले होते का? छायाचित्र किती जुने असावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : औरंगजेबाने १६८६ मध्ये आदिलशाही बुडवल्यानंतर विजापूरची वस्ती खूप घटली हे खरे, परंतु तुमच्या छायाचित्रावरून तो निष्कर्ष काढू नये. मुंबई इलाख्याच्या सरकारने १८५५ मध्ये तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज यांच्यावर जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम सोपवले, तेव्हा ते कागदी निगेटिव्ह वापरत. चांदीच्या क्षारांचा लेप दिलेला तो कागद इतका मंद असे की भर उन्हातही कॅमेरा काही मिनिटे उघडा ठेवावा लागे, आणि तेवढ्यात समोरून चालत गेलेला माणूस उमटतच नसे. फार तर एखादा धुरकट डाग राही. अशा चित्रांत जी माणसे स्पष्ट दिसतात ती बहुधा मुद्दाम उभी केलेली असतात. मला ती मोलाची वाटतात, कारण आतून सुमारे ३८ मीटर व्यासाच्या या घुमटाची भव्यता त्यांच्यावाचून कळत नाही.

आकाशाचे कारणही त्या लेपातच आहे. तो मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देई, त्यामुळे आकाश गरजेपेक्षा जास्त उजळून ढग नाहीसे होत. काही छायाचित्रकार तर तेथील डाग झाकण्यासाठी निगेटिव्हवर शाई फिरवत.

काळ ठरवण्यासाठी साधे भिंग पुरेल. चित्र ओळीने मांडलेल्या बारीक ठिपक्यांचे दिसले, तर ते छापखान्यातील असून फारसे जुने नाही. ठिपके नसून पातळ कागदावर तुकतुकीत थर असेल, तर ती अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर काढलेली प्रत असण्याचा बराच संभव आहे, आणि अशा प्रतींचा पिवळेपणा नेहमीचाच. लंडनला १८६६ मध्ये विजापूरच्या वास्तूंवर निघालेल्या ग्रंथात बिग्ज आणि मेजर लॉक या दोघांची छायाचित्रे अशीच चिकटवलेली होती. मात्र जुन्या निगेटिव्हवरून पुढेही प्रती काढल्या जात, तेव्हा प्रतीचे वय आणि चित्र टिपल्याचे वर्ष वेगळे असू शकते.

ते पुठ्ठ्यावर चिकटवलेले असल्यास उपटू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. पाठीमागे किंवा पुठ्ठ्यावर काही लिहिलेले असेल, तर पुसण्याआधी त्याचाही फोटो काढून ठेवावा; नाव, क्रमांक किंवा स्टुडिओचा शिक्का मिळाला, तर काळ ठरवण्यास तोच सर्वांत भक्कम आधार ठरतो.