बुद्ध्यंक ९६ आणि तीन भांडी

"मॅडम, हिचा बुद्ध्यंक ९६ आला आहे, म्हणजे सरासरीच्याही खाली. हिने आता गणिताचा नाद सोडलेलाच बरा, नाही का?" तेरा वर्षांच्या मुलीचे वडील चाचणीचा अहवाल माझ्यापुढे ठेवत म्हणाले. मुलगी शेजारीच मान खाली घालून बसली होती आणि तिच्यादेखत हे बोलले जावे, हे मला त्या आकड्यापेक्षा अधिक खटकले. हीच धास्ती घेऊन अनेक पालक येतात, म्हणून ओळख पटू नये इतके तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

प्रथम आकड्याविषयी. आजच्या चाचण्यांत त्या वयाच्या मुलांची सरासरी १०० धरतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात याचे माप, १५ असते, त्यामुळे सुमारे दोन तृतीयांश मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात. ९६ हा आकडा त्या पट्ट्याच्या मध्याजवळचा आहे. शिवाय प्रत्येक मापनात थोडी चूक संभवतेच, म्हणून जाणकार परीक्षक एका आकड्याऐवजी त्याच्या आजूबाजूची काही गुणांची मर्यादा सांगतो. अहवालात ती मर्यादा दिलेली होती, पण वडिलांची नजर ठळक अक्षरांतल्या आकड्यावरच थांबली होती.

खरी माहिती पुढच्या पानावर होती. तर्काच्या विभागात मुलीला ११५ गुण होते आणि प्रक्रियेच्या वेगात, म्हणजे सोप्या खुणा झटपट ओळखून लिहिण्याच्या कामात, ७८. एवढी तफावत असताना एकत्रित आकडा मुलीविषयी फारसे काही सांगत नाही. बुद्धी एक की अनेक, हा वाद जुना आहे. एका विषयात चांगली असणारी मुले बहुधा इतर विषयांतही चांगली असतात, या निरीक्षणावरून मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये सामान्य घटकाची, म्हणजे सगळ्या क्षमतांमागे असणाऱ्या एका समान बुद्धीची, कल्पना मांडली, तर थर्स्टन यांनी पुढे शब्द, संख्या, अवकाश, स्मृती अशा वेगवेगळ्या क्षमतांवर भर दिला. एकत्रित आकडा निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही, कारण शालेय यशाचा बऱ्यापैकी अंदाज त्यावरून येतो. पण फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची पहिली चाचणी केली ती कोणत्या मुलांना वेगळी मदत लागेल हे शोधण्यासाठी, आणि बुद्धी ही कायमची ठरलेली गोष्ट आहे या समजुतीला स्वतः बिने यांचाच विरोध होता.

इतके सांगूनही वडिलांचे समाधान झाले नाही. ते स्वतः अभियंता होते आणि "हुशार मूल पटकन उत्तर देते" हे त्यांच्या मनात पक्के होते. म्हणून मी बापलेकीला मानसशास्त्रज्ञ लुचिन्स यांची १९४२ मधली भांड्यांची कोडी दिली. २१, १२७ आणि ३ मापांची भांडी वापरून १०० माप पाणी कसे मोजाल? मोठ्या भांड्यातून पहिले एकदा आणि तिसरे दोनदा भरून काढले की झाले. याच रीतीने सुटणारी आणखी चार कोडी दिल्यावर मी २३, ४९ आणि ३ ही मापे देऊन २० माप मागितले. वडिलांनी क्षणात लिहिले: ४९ उणे २३ उणे दोनदा ३. उत्तर बरोबरच होते. मुलगी मात्र बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, २३ मधून ३ काढले तरी २० होतात की."

यावरून ती वडिलांपेक्षा हुशार ठरत नाही, हे मी तेव्हाच स्पष्ट केले. लुचिन्स यांच्या प्रयोगात बहुसंख्य लोक लांबच्या वाटेनेच गेले होते, कारण एकदा यश देणारी रीत मनात बसली की समोरची सोपी वाट दिसेनाशी होते. समस्या सोडवताना वेग आणि तर्क वेगळे चालू शकतात, एवढेच मला दाखवायचे होते. मुलीची अडचणही त्यातूनच उलगडली: घरी घड्याळ लावून सराव घेतला जाई, त्या घाईत ती प्रश्न पूर्ण न वाचता आदल्या उदाहरणाची रीत चिकटवी, आणि गुण जात ते तिथे.

आम्ही घड्याळ बाजूला ठेवले आणि रीत निवडण्याआधी "काय दिले आहे, काय हवे आहे" हे तिने स्वतःच्या शब्दांत सांगायचे, असे ठरवले. तिसऱ्या भेटीत वडिलांनी विचारले, "सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी घेऊया का?" मी नको म्हणाले, कारण तीच चाचणी लवकर पुन्हा दिली तर नुसत्या ओळखीनेही गुण वाढतात. त्याऐवजी परीक्षेत थोडा जादा वेळ मिळावा म्हणून शाळेला पत्र लिहायचे ठरले. मसुदा वडिलांनी तिथेच बसून केला. त्यातला "मंद" हा शब्द मुलीने खोडला आणि वर लिहिले, "लिहिण्याचा वेग कमी".